‘अक्रोड’ म्हणून मिळालेल्या सहा फळ्यांचं टेबल करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मोडीत निघालेल्या एका वर्कशॉपमधून ‘अक्रोड’ म्हणून सहा फळ्या मिळाल्या. जाडी २८ मिमी, रुंदी १५० ते २२० मिमी, लांबी जवळपास दोन मीटर. तीन गडद चॉकलेटी आणि किंचित जांभळट, दोन फिक्या, मधाच्या रंगाकडे झुकलेल्या, आणि एक लालसर, हाताला जड. दोघींच्या कडेला पांढरट पट्टा. ओलावा मोजायचं मीटर पाच फळ्यांत ९–१० टक्के दाखवतं, एका गडद फळीत १४. त्यातून १८०० × ९०० मिमीचा टॉप करायचा आहे. एका फळीवर रंधा मारला की चिरफळ्या उडतात, आणि नमुन्याला केलेल्या जोडावर क्लॅम्पखाली काळानिळा डाग आला. ‘हे अक्रोडच आहे का, आणि वर तेल लावू की पॉलिश?’

अक्रोड आहे की नाही ते पाहूच. पण टेबलाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे: या सहा फळ्या एका टॉपमध्ये नांदतील का? पाच अस्सल अक्रोड निघाल्या आणि त्यातली एक १४ टक्क्यांवर असतानाच जोडली, तर टॉप वाकेल नाहीतर जोड उघडेल. लाकडाची जात त्याला वाचवणार नाही.

आधी ओळख. रंगावर अजिबात जाऊ नका. अक्रोड चॉकलेटी, राखाडी, जांभळट, फिका, पट्ट्यापट्ट्यांचा, कसाही असतो आणि रंग तर कशावरही चढवता येतो. पाहायचं ते फळीच्या टोकाला. टोकाचा १५–२० मिमी तुकडा कापून टाका, कारण जुनं टोक मळलेलं आणि तडकलेलं असतं. मग धारदार पटाशीने ताज्या छेदाचा एक पातळ पापुद्रा काढा. पॉलिश पेपरने घासू नका. भुकटी छिद्रांत बसते आणि काहीच दिसत नाही. छेद ओल्या बोटाने पुसा आणि दहापट भिंगाखाली धरा.

अक्रोडात प्रत्येक वर्षवलयाच्या सुरुवातीला छिद्रं मोठी, नुसत्या डोळ्यांना दिसतील अशी असतात आणि वलयाच्या शेवटाकडे ती हळूहळू बारीक होत जातात. हे ‘हळूहळू’ महत्त्वाचं आहे. सागात मोठ्या छिद्रांची एक ओळ असते आणि तिच्यानंतर एकदम बारीक छिद्रं सुरू होतात. शिवाय सागाच्या छिद्रांत बऱ्याचदा पांढरट साका असतो आणि बोटाला तेलकटपणा जाणवतो. अक्रोडात छिद्रांच्या मधल्या जागेत वलयांना समांतर अशा अगदी पुसट फिकट रेघा दिसतात. केंद्राकडून सालीकडे जाणारे किरण इतके बारीक असतात की भिंगाशिवाय ते शोधू नका.

सर्वांत जास्त घोटाळा शिरीषाशी होतो. इंग्रजी व्यापारात शिरीषाला ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ म्हणतात, त्यामुळे विकणारा खोटं बोलतो असंही म्हणता येत नाही. शिरीषाच्या छेदात छिद्रं वलयभर विखुरलेली असतात आणि जवळजवळ प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडं असतं, डोळ्याभोवती काजळाऐवजी चुना लावल्यासारखं. एकदा पाहिलं की विसरत नाही. शिसव किंवा शीशममध्ये ही फिकट कडी एकमेकांना जोडून तुटक पट्टे बनतात. ‘वॉलनट’ नावाची आणखीही लाकडं आहेत. आफ्रिकन वॉलनट महोगनीच्या कुळातलं, क्वीन्सलँड वॉलनट दालचिनीच्या कुळातलं (त्यात वाळूसारखी सिलिका असते, करवतीची धार पाहता पाहता जाते), आणि ब्राझिलियन वॉलनट म्हणजे इपे. यांपैकी एकही अक्रोड नाही.

वजन हा दुसरा पुरावा. तुमच्या मापाची फळी, २००० × २०० × २८ मिमी, म्हणजे ०.०११२ घनमीटर. वाळलेला काळा (अमेरिकन) अक्रोड घनमीटरला सुमारे ६१० किलो भरतो, युरोप-आशियातला सुमारे ६४०. म्हणजे अशी फळी ६.८ ते ७.२ किलोची हवी. शीशम असेल तर साडेआठच्या पुढे जाईल, इपे असेल तर बाराच्या पुढे. ५ किलोच्या आसपास भरली तर ती पांढऱ्या अक्रोडाची, म्हणजे बटरनटची असू शकते. कुळ तेच, पण लाकूड फार मऊ, नखाने दबणारं. मात्र वजनाने शिरीष आणि साग वेगळे काढता येत नाहीत, कारण तेही याच पट्ट्यात येतात. म्हणून वजन ‘हे नाही’ म्हणायला उपयोगी, ‘हेच आहे’ म्हणायला नाही. तुमची लालसर जड फळी बहुतेक इथेच बाद होईल. ती बाजूला ठेवा, दुसऱ्या कामाला येईल.

व्हिनेगरमध्ये लोखंडी लोकर विरघळवून ते पाणी लाकडावर लावायचं, काळं पडलं की अक्रोड, अशी एक चाचणी बरेच जण सुचवतात. ती टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट घटक, दाखवते, अक्रोड नव्हे. ओक काळा पडतो, बाभूळही पडते. त्यात वेळ घालवू नका.

आता गडद आणि फिक्या फळ्या. फिक्या असण्याची तीन कारणं संभवतात आणि तिन्ही वेगळी काढता येतात. फळीच्या कोपऱ्यात एक मिलिमीटर रंधा मारा. खालचं लाकूड गडद निघालं, तर फळी फक्त उजेडाने उतरली आहे. बहुतेक लाकडं उजेडात गडद होतात, अक्रोड उलट फिका होत जातो, चॉकलेटीकडून मधाकडे. खालीही तोच सपाट, थोडा मेलेला तपकिरी रंग असेल आणि सालीलगतचा भागही पांढरा न दिसता मळकट तपकिरी दिसत असेल, तर ते लाकूड वाफवलेलं आहे. काळा अक्रोड विकण्याआधी वाफवण्याची पद्धत आहे, म्हणजे बाहेरचं पांढरं लाकूड गाभ्याच्या रंगाजवळ येतं. त्या नादात गाभ्यातली जांभळट झाक जाते. आणि रंग आतपर्यंत फिका असून त्यात काळपट धुरकट रेघा पळत असतील, तर ती जुग्लान्स रेजिया असू शकते, म्हणजे इराणपासून हिमालयापर्यंत वाढणारा, ज्याची फळं आपण खातो तो अक्रोड. काळा अक्रोड, जुग्लान्स नायग्रा, उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. दोघांची फळी शेजारी ठेवली तरी नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगणं कठीण असतं, आणि टेबलासाठी ते सांगण्याची गरजही नाही. दोन्ही जवळपास सारखंच वागतात.

रंगातला फरक मी तरी डाय लावून मिटवायला जात नाही. दोन फिक्या फळ्या शेजारीशेजारी मधोमध किंवा दोन्ही टोकांना घेतल्या की तो फरक ठरवून केलेला वाटतो. गडद, फिकी, गडद, फिकी अशी रांग लावली की चट्ट्यापट्ट्यांची सतरंजी दिसते.

पांढऱ्या पट्ट्याबद्दल आधी एक तपासणी. सालीलगतच्या या लाकडात पिष्टाचा अंश असतो आणि लाकूड पोखरणाऱ्या बारीक भुंग्यांना तेच हवं असतं. १ ते २ मिमीची गोल छिद्रं दिसली तर फळी काळ्या कागदावर उभी धरून आपटा. मैद्यासारखं ताजं पीठ पडलं तर किडा जिवंत आहे. ती फळी इतर फळ्यांपासून लांब ठेवा आणि पांढरा भाग पूर्ण काढून टाका. छिद्रं नसतील तर पट्टा ठेवायचा की नाही ही आवडीची बाब आहे. फक्त हिशेब करा. लालसर फळी गेली, उरल्या पाच. त्यांची मिळून रुंदी ९५० धरू. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा सरळ करताना मिळून ८ मिमी जातात, म्हणजे राहिले ९१०. दोन फळ्यांचे २५–२५ मिमीचे पांढरे पट्टे काढले की ८६०. तुमचा ९०० चा टॉप इथेच अडतो. पट्टे टॉपच्या दोन्ही बाहेरच्या कडांना येतील असं मांडा, किंवा टेबल ८५० चं करा. जोडाच्या मधोमध पांढरी रेघ मात्र राहू देऊ नका. ती सांधा उघडल्यासारखी दिसते.

आता ओलावा, आणि इथे घाई नको. किती टक्क्यांवर काम करावं हे टेबल कुठे राहणार यावर आहे. सतत वातानुकूलित किंवा कोरड्या, तापवलेल्या खोलीत ६–८ टक्के बरोबर, दमट हवेत उघड्या खिडक्यांच्या खोलीत १०–१२. आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे ते सगळ्या फळ्या एकमेकींच्या दोन टक्क्यांच्या आत असणं. तुमची १४ वाली फळी आज जोडायची नाही.

मीटरचा आकडाही थोडा तपासून घ्या. ते कोणत्या लाकडासाठी जुळवलेलं आहे यावर एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होतात, आणि नुसता पृष्ठभाग मोजला तर आतलं काहीच कळत नाही. त्यापेक्षा वजनकाटा खरं बोलतो. समजा ती फळी आज ७ किलो भरते. १४ टक्के म्हणजे पूर्ण कोरडं लाकूड सुमारे ६.१४ किलो आणि बाकीचं पाणी. १० टक्क्यांवर ती ६.७५ च्या आसपास यायला हवी, म्हणजे पाव किलो पाणी जायचं आहे. फळ्यांच्या मध्ये दर ४०–५० सेंटीमीटरवर सारख्या जाडीच्या पट्ट्या द्या, त्या एकाखाली एक येतील अशा ठेवा, आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करून फळीच्या टोकावरच लिहा. सलग दोन आठवडे आकडा हलला नाही की फळी खोलीच्या हवेशी जुळली. उन्हात ठेवून घाई केली तर वरचा थर आवळतो, आत ओल राहते आणि तडे आतून पडतात, बाहेरून कळतही नाही. भट्टीत घाईने वाळवलेल्या जाड अक्रोडातही हेच होतं. म्हणून मापाला कापल्यावर प्रत्येक ताज्या टोकाकडे एकदा बघा. मध्यभागी भिंगाच्या आकाराच्या फटी दिसल्या तर त्या संपेपर्यंत कापत जा.

लाकूड वाळलं म्हणजे हलायचं थांबलं असं नाही. काळा अक्रोड ओलाव्यातल्या प्रत्येक टक्क्यामागे, वलयांच्या दिशेने, रुंदीच्या सुमारे ०.२७ टक्के हलतो. किरणांच्या दिशेने ०.१९. वर्षभरात ओलावा चार टक्के वरखाली झाला, तर वलयांच्या दिशेने कापलेल्या साध्या फळ्यांचा ९०० मिमीचा टॉप जवळजवळ १० मिमी रुंद-अरुंद होतो. किरणांच्या दिशेने कापलेल्या फळ्या असतील तर ७. म्हणून टॉप चौकटीला चारी बाजूंनी स्क्रूने आवळू नका. मध्यभागी घट्ट, आणि कडेच्या स्क्रूंना रुंदीच्या दिशेने दोन्हीकडे ५–५ मिमी सरकता येईल अशी लांबट भोकं. टोकांना आडवी पट्टी द्यायची असेल तर तीही फक्त मधल्या कुसवाला (खोबणीत बसणाऱ्या जिभेला) सरसाने चिकटवा, बाकीचे कुसू खोबणीत मोकळे. पूर्ण चिकटवलेली पट्टी पहिल्या कोरड्या मोसमातच टॉप फाडते.

रंध्याच्या चिरफळ्यांचं कारण उलट्या रेषा. फळीची कड डोळ्यांजवळ आणा. रेषा ज्या दिशेने वर चढतात त्याच दिशेने रंधा गेला पाहिजे. सरळ अक्रोड रंध्याखाली इतका छान जातो की त्रास झाला म्हणजे बहुधा दिशा चुकली आहे. पण गाठीजवळ किंवा दोन फांद्या फुटल्या त्या जागी रेषा दोन्हीकडून येतात, तिथे कुठलीच दिशा बरोबर नसते. तिथे पात्याला ताजी धार लावा, वरची टोपी (पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी) धारेपासून ०.२–०.३ मिमीवर आणा आणि कागदातून पलीकडचं दिसेल एवढाच पातळ छिलका काढा. तरीही उखडत असेल तर रंधा ठेवून द्या आणि स्टीलची खरवडपट्टी घ्या. यंत्रावर काढत असाल तर एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी, आणि तो भाग आधी ओल्या फडक्याने पुसून. २८ मिमीच्या खरबरीत फळीतून २३–२४ मिमी निघाले तर समाधान माना.

फळ्या मांडताना वलयं एकदा वर, एकदा खाली असा नियम अनेकजण पाळतात. मी त्यापेक्षा सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेला चढतील हे पाहतो, कारण जोडून झाल्यावर तो टॉप एकसंध रंधायचा असतो. चांगला चेहरा वर, रेषा एका बाजूला. वलयं जशी येतील तशी.

काळानिळा डाग लोखंडाचा आहे. अक्रोडातलं टॅनिन, सरसातलं पाणी आणि क्लॅम्पचा लोखंडी दांडा, तिघं एकत्र आले की शाई तयार होते. पुढच्या वेळी दांडा आणि लाकूड यांच्यामध्ये मेणकागद ठेवा. झालेला डाग बहुतेक वरवरचा असतो, खरवडपट्टीच्या चार हातांत जातो. खोल गेला असेल तर अर्धा लिटर गरम पाण्यात २५–३० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवून संपूर्ण फळीवर लावा. फक्त डागावर लावलं तर तिथे फिका चट्टा उमटतो. रात्रभर ठेवून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसा. हातमोजे घाला, आणि पूर्ण धुतल्याशिवाय ती फळी घासू नका, त्या आम्लाची भुकटी नाका-घशाला फार झोंबते. याच कारणाने अक्रोडावर, विशेषतः पाण्याच्या (तेलाऐवजी पाण्यात कालवलेल्या) फिनिशखाली, लोखंडी लोकर वापरू नये. तुटलेले तंतू छिद्रांत राहतात आणि काळे ठिपके येतात.

जोड साधा पांढऱ्या सरसाचा पुरे. कडा नीट बसत असतील तर कुसवांची किंवा डॉवेलची ताकदीसाठी गरज नाही, त्या फक्त फळ्या एका पातळीत ठेवायला मदत करतात. क्लॅम्प २०–२५ सेंटीमीटरवर, एक वरून, एक खालून. सोडल्यावर लगेच रंधू नका, एक पूर्ण दिवस थांबा. सरसाच्या पाण्याने जोडाजवळचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलंत तर ते वाळल्यावर जोडाच्या रेघेवर बारीक खोबण दिसते, तीही पॉलिश झाल्यावर.

भुकटी कातडी आणि डोळ्यांना चुरचुरते, काहींना त्याची ॲलर्जी होते. मास्क लावाच. भुसा झाडांच्या आळ्यात टाकू नका, अक्रोडातल्या जुग्लोन नावाच्या द्रव्याने टोमॅटोसारखी झाडं कोमेजतात. घोड्यांखाली अंथरायला तर मुळीच नको, काळ्या अक्रोडाच्या भुशाने त्यांच्या खुरांना सूज येते.

तेल की पॉलिश? जेवणाच्या टेबलावर पाणी सांडणार आणि गरम भांडी येणार हे धरलं तर मी पुसून लावायचं पॉलियुरेथेन निवडीन, तीन-चार पातळ हात. निव्वळ जवसाचं किंवा टंगचं तेल दिसायला जास्त खोल, आणि ओरखडा पडला तर तेवढ्या जागी पुन्हा लावता येतं, पण पाण्याचे डाग लवकर पडतात आणि दरवर्षी हात फिरवावा लागतो. चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) शेवटचा हात इथे नको, उष्णता आणि मद्य दोन्हीला तो हरतो. पाण्याचं फिनिश थेट लावलं की अक्रोड राखाडी, थंडगार दिसतो. तेच हवं असेल तर खाली मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात द्या, रंगात ऊब येते.

घासणं १२०, १५०, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि टोकांना २२० पर्यंत पुरे. छिद्रं उघडी ठेवली तर हाताला लाकूड जाणवतं, मला तेच आवडतं. आरशासारखा पृष्ठभाग हवा असेल तर पहिल्या तेलाच्या हातात ४०० चा वॉटरपेपर घासून तयार होणारा लगदा छिद्रांत दाबून भरा, रेषेला आडवं पुसा, दोन दिवस वाळू द्या. तेल लावल्यावर १५–२० मिनिटांनी सगळं पुसून काढायचं, आणि तासाभराने परत बघायचं. गरम हवेत छिद्रांतून तेलाचे थेंब वर येतात आणि न पुसले तर चकचकीत ठिपके होऊन बसतात. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटतात. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. जेवढे हात वर, तेवढेच खालच्या बाजूलाही, नाहीतर एकच बाजू हवेतली ओल घेते आणि टॉप वाटीसारखा होतो.

टेबल तयार झाल्यावर पहिले काही महिने मधोमध रनर किंवा मोठा ट्रे एकाच जागी ठेवू नका. उघडा भाग उजेडाने फिका होत जातो, झाकलेला गडद राहतो, आणि वर्षाने रनर उचलला की त्याचा आकार टेबलावर छापलेला दिसतो.